जावयाच्या ताटातली पत्ताकोबी

माझ्या नवऱ्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या, त्याला यंदाच्या अधिक महिन्यात तीन महिने पूर्ण झाले. स्प्रिंगा हा माझा शब्द. डॉक्टर स्टेंट म्हणतात आणि नवरा 'माझं ऑपरेशन' म्हणतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऑपरेशन सांगताना तो शर्टाची वरची दोन बटणं सोडायचा. तिथं दाखवण्यासारखं काहीही नव्हतं, कारण डॉक्टरांनी जे काही आत घातलं ते मनगटातून घातलं होतं. पण मनगट दाखवून सहानुभूती मिळत नाही, हे त्याला बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीमुळे कळत असावं.

दवाखान्यातून निघताना तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीनं एक कागद हातात दिला. डाव्या बाजूला काय खायचं नाही, उजव्या बाजूला काय खायचं. डावी बाजू कोणीतरी आमच्या घरी रविवारी जेवून लिहिली होती. तळलेलं, तुपातलं, वांग्याच्या भाजीवरची तर्री, पापड, लोणचं. उजव्या बाजूला बरंच काही उकडलेलं होतं आणि सगळ्यात खाली एक ओळ होती: हलका कोलस्लॉ, मेयोनीज न घालता, व्हिनेगरचा. मी विचारलं, "हे काय असतं?" ती म्हणाली, "सोपं आहे काकू. पत्ताकोबीची कोशिंबीरच समजा." तिचं लग्न झालेलं नव्हतं. झालं असतं तर नवऱ्यांच्या जेवणाबद्दल 'सोपं आहे' असं ती बोलली नसती.

पहिल्या दिवशी मी भाजीला चिरतात तशी पत्ताकोबी चिरली, गाजर किसून टाकलं, वरून व्हिनेगर ओतलं आणि वाढलं. नवऱ्यानं वाटीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "आपण म्हैस कधी घेतली?" एवढंच विचारलं. मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. मी एक घास खाऊन पाहिला तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वाटीत तर आधीच पाणीच पाणी झालेलं होतं.

पण मीही हट्टाला पेटले. महिनाभर पुसदच्या बाजारातून पत्ताकोबीचे गड्डे आणत राहिले, इतके की भाजीवाली मला विचारायला लागली, खानावळ टाकली का म्हणून. हळूहळू काही गोष्टी कळल्या. कोबी दिसेल न दिसेल इतकी बारीक चिरायची. तिला चिमूटभर मीठ चोळून वीस मिनिटं चाळणीत ठेवायची, मग धुऊन दोन्ही हातांनी घट्ट पिळायची, म्हणजे पाणीही जातं आणि मीठही जातं. व्हिनेगर नुसतं ओतायचं नाही. तीन चमचे व्हिनेगरमध्ये चमचाभर साखर, जराशी मोहरीची पूड, मिरपूड आणि एकच चमचा तेल घालून, झाकणाच्या बाटलीत हात दुखेपर्यंत हलवायचं. मग ते कोबी-गाजरावर घालायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. हा अर्धा तासच खरा स्वयंपाक. त्यात कोबी मऊ पडते पण दाताखाली करकरीत राहते, आणि व्हिनेगरचा नाकात जाणारा उग्रपणा उतरतो. नवरा तरीही त्याला चाराच म्हणायचा. पण एका दुपारी स्वयंपाकघरात डोकावून त्यानं विचारलं, "चारा झाला का?" आमच्या संसारात याला कौतुक म्हणतात.

त्याच्या ताटावर मी पहारा करायचे. शेजारीण म्हणाली, फारच कडक आहेस. कडक नव्हते मी, घाबरलेली होते. ज्या सकाळी त्याला घाम फुटला आणि तो पायरीवर बसून राहिला, ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. हा माणूस चिडका आहे, आळशी आहे, टॉवेल कधी जागेवर ठेवत नाही, आणि तो गेला तर मला जगता येणार नाही. हे त्याला सांगायची सोय नव्हती, म्हणून मी त्याचे पापड लपवायचे.

अशात आईचा फोन आला, बोरी अरबहून.

"जावईबापूले घेऊन ये. अधिक लागला."

अधिक महिना म्हणजे जावयांची चंगळ. सासूनं जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून ओवाळायचं, पुरण भरलेले धोंडे जेवू घालायचे, आणि वर ताटभर अनारसे दिव्यासकट हातात द्यायचे, मोजून तेहतीस. तेहतीसच का, ते देवाला ठाऊक. देवही तेवढेच कोटी आहेत म्हणतात, पण ते एका बैठकीत खात नाहीत.

"आई, त्यायले तेल बंद हाये. तुले सांगतलं ना म्या," मी म्हटलं.

"मंग तूप वाढतो ना वं. तेल कोन देऊन राह्यलं?"

"तूपबी बंद हाये."

मग आई म्हणाली, "पुढचा अधिक तीन वर्सानं येते. मले त्र्याऐंशी चालू हाये. तवा मी असीन का नाई, सांग बरं तू." या प्रश्नाला उत्तर देणारी मुलगी अजून जन्माला यायची आहे. मी म्हटलं, येतो.

नवरा त्या दिवसापासून सुधारला. वेळेवर गोळ्या, सकाळी फिरणं, टॉवेलसुद्धा दोरीवर. सासुरवाडीला जाऊ की नको असं मला वाटू नये, एवढ्यासाठी चाललं होतं ते सगळं. मी कच्च्या गुरूची चेली नव्हते. जायच्या दिवशी पहाटेच उठून मी कोलस्लॉ केला, घट्ट झाकणाच्या डब्यात भरला आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला. जावई स्वतःच्या जेवणाचा डबा घेऊन सासुरवाडीला निघालाय, हे आमच्या भागात कोणी पाहिलं असतं तर सासूला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मला ते कळत होतं. तरी घेतला.

पुसदहून दारव्ह्यापर्यंत एसटी, तिथून पुढं जीप. ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लागला तर माणूस ओरडावा. मागच्या बाकावर पाचाच्या जागेत आम्ही आठ, आणि डबा माझ्या मांडीवर. बोरीला उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. आई दारात उभी होती, नवं लुगडं नेसून, एकटीच. भाऊ आणि वहिनी दिग्रसला गेले होते, कारण भाऊही कोणाचा तरी जावई आहे आणि त्याच्या हृदयाला काही झालेलं नाही.

मी हातपाय धुवायला मागं गेले. परत येते तो माझा डबा घासून पालथा घातलेला.

"आई, यातलं काय केलं?"

"आंबलं होतं ना वं ते. झाकन उघडलं तं वास नाकात गेला. उन्हानं खराब झालं. बकरीले टाकलं म्या."

मी मागं धावले. बकरीपुढच्या टोपल्यात गाजराचा चिमूटभर कीस उरला होता, तोही माझ्या डोळ्यांदेखत तिनं खाल्ला. नवरा माझ्या मागं येऊन उभा होता. इतका आनंदी चेहरा मी त्याचा लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "जाऊ दे," तो म्हणाला, "बकरीला तरी कोलेस्टेरॉल व्हायला नको."

स्वयंपाकघरात सगळं मांडून ठेवलेलं होतं. धोंडे उकडून तयार. डाळीचे वडे. कढी. वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री. तुपाची कासंडी काठोकाठ भरलेली. आणि पांढऱ्या फडक्याखाली तेहतीस अनारसे. आईनं हे सगळं एकटीनं केलं होतं, दोन दिवस लागले होते, तिचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे. आणि तरी मी ओरडले. म्हटलं, तुला माणूस मारायचा आहे का, यातला एक घास त्यांना चालत नाही, बकरीला टाकलंस तेवढंच त्यांचं जेवण होतं, आता आम्ही असेच परत जातो. हे सगळं मी पुसदच्या शुद्ध भाषेत बोलले. रागावले की माझी वऱ्हाडी जाते.

आई ताटांकडे बघत राहिली. जावई जेवल्याशिवाय अधिकातली सासू जेवत नाही, आणि जावई न जेवता उठून गेला तर ती पुढं कधी काय जेवणार, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

"मंग कर तुहं ते," ती म्हणाली. "पन माह्या घरी जावई माह्या हातचं खाईन. तू सांग, मी करतो."

व्हिनेगर नव्हतं. आईच्या घरी चिंच होती, लिंबं होती, आमसुलं होती, व्हिनेगर कशाला असेल? मी फाट्यावर गेले. तिथं चायनीजची गाडी लागते, पण ती संध्याकाळी. गाडीवाला मागंच राहतो असं कळलं, म्हणून दार वाजवलं. तो बनियनवर बाहेर आला.

"कायले पाह्यजे?"

"जावयाच्या जेवनाले."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. अधिकाच्या जेवणात मंचुरियन असणारं घर कोणतं, हे तो आठवत असणार. अर्धी बाटली मात्र दिली. बाजारातून एक गड्डा आणि दोन गाजरं घेऊन मी घरी आले तर नवरा पाटावर अगदी शहाण्यासारखा बसलेला, तोंड मिटून. मी फडकं उचलून अनारसे मोजले. बत्तीस.

"म्या नाई देल्ला," आई म्हणाली. "त्यायनंच घेतला."

"मी कुठला घेतला?" नवरा म्हणाला. त्याच्या मिशीला खसखस लागली होती.

आई विळीवर बसली. गुडघा दुमडत नाही, म्हणून एक पाय लांब करून बसली. मी तिला सांगितलं, बारीक चिर. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा काही सांगायच्या फंदात पडले नाही. चिरलेली कोबी विळीवरून खाली पडत होती, पण आवाज होत नव्हता. महिनाभर खपून मला जे जमलं नव्हतं, ते तिला बसल्याबसल्या जमत होतं. मला जरा वाईटच वाटलं.

"फोडनी कवा देऊ?"

"फोडनी नाई."

"हिंग?"

"नाई."

"तेल किती?"

मी चमचा दाखवला. तिनं तो उजेडात धरला. "एवढ्यात तं दिवाबी लागत नाई." कांद्याचं मात्र तिनं विचारलंच नाही, नैवेद्य दाखवायचा म्हणून. कोलस्लॉचा नैवेद्य. मी म्हटलं, देवाला आंबट चालेल का? ती म्हणाली, "मी देल्लं तं खाईन तो. नखरे जावयाले असते, देवाले नाई."

वीस मिनिटांनी ती मीठ लावलेली कोबी धुऊन पिळायला लागली. मूठ मूठ घेऊन, पाणी निथळून जाईपर्यंत. मी बाटली हलवत होते. आई खाली बघतच बोलली.

"तुह्या बापालेबी असंच देल्लं म्या. बिनतेलाचं. चार महिने."

मला माहीत होतं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी पुसदहून रोज फोन करायचे आणि रोज एकच सांगायचे: आई, डॉक्टर नाही म्हणाले ते देऊ नको.

"एक दिवस वांग्याची भाजी मांगतली त्यायनं. तर्रीची. म्या म्हटलं, बरे व्हा, मंग देतो." तिनं पिळलेली मूठ परातीत टाकली. "मंग बरेच नाई झाले ना. भाजी घरातच होती तवा. मीच खाल्ली ते, दुसऱ्या दिवशी."

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. माझा हात थांबला. खरं सांगायचं तर मला तिच्यापेक्षा माझीच लाज वाटत होती, कारण फोनवरची ती हुशार बाई मी होते. मला वाटत होतं आईला आजार कळत नाही. तिला आजार माझ्याआधीच कळून चुकला होता. तिला एवढंच नको होतं की तिच्या घरातून आणखी एक माणूस मागत मागत जावा.

"हालव ना ते," आई म्हणाली. मी बाटली हलवली.

अर्धा तास थांबायचं असतं, हे तिला पटलं. मुरायला वेळ लागतो यात तिला नवीन काहीच नव्हतं. तेवढ्यात तिनं देवाला नैवेद्य दाखवला, नवऱ्याला ओवाळलं, अनारशांचं ताट दिव्यासकट त्याच्या हातात दिलं. एक कमी होता त्या जागी तिनं बत्तासा ठेवला होता. नवऱ्यानं ताट घेतलं आणि मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, हा विधी मी नवीन सुरू केला. मग ती परात घेऊन वाढायला उभी राहिली. पांढऱ्या-नारिंगी कोबीचा एक लहानसा ढीग, तांदळाची भाकरी, बिनफोडणीचं वरण. अधिकातलं असं ताट पाहून गावातल्या बाकीच्या सासूंनी तिला वाळीत टाकलं असतं.

नवऱ्यानं पहिला घास घेतला. चावला. पुन्हा घेतला. "आई," तो म्हणाला, "हे तर फारच छान झालं हो." मला त्यानं हे तीन महिन्यांत एकदाही म्हटलं नव्हतं. मला रागच आला. तेवढ्यात मी आईकडे पाहिलं. ती परात धरून तशीच उभी होती. एकदा वाढून झालं होतं, आता पुढं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. आमच्याकडे जावयाला वाढणं म्हणजे एकदा वाढणं नाहीच मुळी. त्यानं नाही म्हणायचं, सासूनं ऐकायचं नाही, त्यानं हात आडवा घालायचा, सासूनं तो बाजूला करायचा, यालाच जेवण म्हणतात. आणि तिच्या मुलीनं तर तिला बजावून ठेवलं होतं.

"आई," मी म्हटलं, "वाढ अजून."

"वाढू?"

"पाह्यजे तेवढं वाढ."

मग तिनं वाढलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा नवऱ्यानं ताटावर दोन्ही हात आडवे केले. "आई, पुरे. खरंच पुरे."

"जावयानं पुरे म्हटल्यावर थांबते, अशी सासू पाह्यली काय तुमी कुठी?" तिनं त्याचे हात सरकवले आणि मूठभर कोबी ताटात टाकली. तिचा आवाज चढला होता, पदर खांद्यावरून घसरला होता, ती हसत होती, एका हातानं भिंत धरून. नवरा घामाघूम झाला. मी क्षणभर घाबरले, मग लक्षात आलं की तो लाजेनं आणि हसण्यानं घामाघूम झालाय. पत्ताकोबी खाऊन दगावलेला पहिला जावई म्हणून त्याचं बोरीत नाव झालं असतं, पण मी तिला थांबवलं नाही. परात रिकामी होईपर्यंत तिनं वाढलं.

धोंड्यांचं भांडं तसंच झाकलेलं होतं. नवऱ्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. मागितलं नाही. हे त्याच्या स्वभावात नाही. आईनं ते पाहिलं. तिनं परात खाली ठेवली, भांड्यावरचं ताट काढलं, एक धोंडा हातात घेतला आणि ताटाच्या वर धरून थांबली.

त्र्याऐंशी वर्षांची बाई. स्वतःच्या स्वयंपाकघरात कोणाला काय वाढायचं हे तिनं आजवर कोणालाही विचारलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"एक देऊ काय वं?"

माझे डोळे भरून आले.

"दोन दे," मी म्हटलं.

आईनं एकच वाढला.